लुळा हात सांभाळून खेळ: कामाच्या नोंदी

६ जानेवारी

उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत निकामी. खेळण्याची सवयही उजव्याच हाताची. खेळाडूचं वजन ६४ किलो. कारण ब्रेकियल प्लेक्ससची इजा: मानेतून हाताकडे जाणारी पाच मज्जामुळं (सी-५ ते सी-८ आणि टी-१) अपघातात ओढली गेली. धावणं, सायकल आणि टेबल टेनिस हे तीन खेळ घेतले. पोहणं मागाहून.

पहिल्याच दिवशी एक घोळ निस्तरावा लागला. जमवलेल्या बहुतेक युक्त्या हात कापावा लागलेल्या खेळाडूंच्या होत्या, आणि त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. कापलेला हात नसतो, लुळा हात असतो, आणि तो लटकतो. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के धरतात, म्हणजे इथे तीन किलोंच्या आसपास. स्नायू झडल्यामुळे थोडं कमी. हे वजन धावताना झोके घेतं, त्याला काही लागलेलं कळत नाही, आणि खांदा धरून ठेवणारे स्नायूच सुटल्यामुळे दंडाचं हाड खोबणीतून हळूहळू खाली ओढलं जातं. तेव्हा आधी या तीन किलोंची सोय लावायची, मग खेळ.

९ जानेवारी

डॉक्टरांकडून आणि फिजिओकडून लेखी घ्यायच्या गोष्टी. नस जोडण्याची किंवा वळवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर मानेला आणि खांद्याला ताण केव्हापासून चालेल. खांदा किती खाली उतरलाय: खांद्याच्या टोकाखाली किती बोटं मावतात ते मोजून ठेवायचं, दर महिन्याला पुन्हा. आणि सहसा राहून जाणारी एक तपासणी, श्वासपटलाची. श्वासपटलाची नस सी-३ ते सी-५ या मुळांतून निघते. वरची मुळं दुखावली असली की कधीकधी त्या बाजूचं अर्धं श्वासपटल हलत नाही. बसल्याजागी कळत नाही. धावताना दम लवकर लागतो आणि ‘सराव कमी पडतोय’ असं वाटत राहतं. पोहण्याआधी तर ही तपासणी हवीच.

मदत करणाऱ्या सगळ्यांसाठी एकच सूचना भिंतीवर लावली: लुळ्या हाताला धरून खेळाडूला उठवायचं नाही, ओढायचं नाही. आधार द्यायचा तो कमरेला किंवा चांगल्या बाजूच्या काखेला.

१४ जानेवारी

हाताच्या पट्ट्याचा पहिला नमुना: गळ्यात अडकवायची साधी झोळी. वीस मिनिटं चालल्यावरच मान आखडली. सगळं वजन मानेच्या मागच्या एका रेषेवर येतं, आणि त्याच बाजूची मान आधीच दुखावलेली. मनगट गळ्यातून टांगायची पट्टी त्याहून वाईट, कारण मनगट वर राहतं पण कोपर मोकळं लोंबतं आणि खांद्याची खोबण उघडीच राहते. दोन्ही बाद.

वजन मानेवरून काढून विरुद्ध बाजूच्या, म्हणजे डाव्या खांद्यावर आणि कमरेवर टाकायचं, आणि उचल मनगटाला न देता कोपराखालून द्यायची, एवढं ठरलं.

२१ जानेवारी

दुसरा नमुना. सामान: ३ मिमी निओप्रीन (रबरासारखं लवचीक कापड), ५० मिमी रुंद नायलॉन पट्टी साधारण अडीच मीटर, २५ मिमी पट्टी एक मीटर, ५० मिमी वेल्क्रो, दोन डी-कड्या, काखेसाठी ६० मिमी रुंद मऊ गादी.

आधी निओप्रीनची बाही, कोपराच्या वर चार बोटांपासून मनगटापर्यंत, लांबीभर उघडणारी. लुळ्या हातात बंद बाही चढवताना बोटं दुमडून आत अडकतात आणि खेळाडूला पत्ता लागत नाही. बाहीच्या कोपराशी खालून बशीसारखा कप शिवला. कपापासून निघणारी ५० मिमी पट्टी पाठीवरून तिरकी चढून डाव्या खांद्यावरून पुढे छातीवर येते आणि डी-कडीतून वळून परत स्वतःवरच बसते. कमरेला वेगळा पट्टा, त्यावर वेल्क्रोने मनगट टेकवलेलं. कोपर ९० अंशांत, पंजा कोपरापेक्षा किंचित वर, नाहीतर बोटं सुजतात.

ताण बेतायचा तो असा: एकाने कोपर खालून वर उचलून दंडाचं हाड खोबणीत बसवायचं, दुसऱ्याने त्याच अवस्थेत पट्टी ओढायची. हात लोंबता ठेवून पट्टी कितीही आवळली तरी खांदा वर येत नाही, फक्त कातडी ओढली जाते.

२५ जानेवारी

या नमुन्यात तीन चुका निघाल्या.

पट्टी डाव्या खांद्यावरून पुढे येण्याऐवजी घसरून काखेत जात होती. पंधरा मिनिटांत डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या. काम करणारा एकच हात उरलेला असताना त्याच्याच नसा दाबणारा पट्टा काय कामाचा! छातीवर २५ मिमीची आडवी पट्टी घालून मुख्य पट्टी खांद्याच्या मध्यावर धरून ठेवली. गादी तरीही ठेवली.

वेल्क्रोची काटेरी बाजू आतल्या अंगाला शिवली गेली होती. संवेदना नसलेल्या कातडीवर ओरखडे उठले, आणि ते बाही काढल्यावरच दिसले. काटेरी बाजू आता सगळीकडे बाहेर.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. पट्टा घालायला दोन माणसं लागत होती. स्वतःला एका हाताने चढवता येत नाही तो पट्टा चार दिवसांत खुंटीवर जातो. आता बेतलेली लांबी धाग्याने कायम केली, सुटा भाग एकच ठेवला आणि तो डावीकडे पुढे आणला. चढवण्याचा क्रम: टेबलावर बाही उघडून ठेवायची, हात त्यावर ठेवायचा, बाही मिटायची, मग टेबलाच्या आधाराने कोपर वर दाबून पुढे वाकायचं, पट्टी डोक्यावरून घ्यायची, डाव्या हाताने खाली ओढून वेल्क्रो लावायचं. खांदा टेबलामुळे आपोआप वर राहतो. सरावाने दोन मिनिटांत होतं.

प्रत्येक सरावानंतर बाही काढून कातडी पाहायची: कोपराचं हाड, मनगटाची बाहेरची बाजू, बोटांच्या बेचक्या. लाल वळ अर्ध्या तासात मावळला तर ठीक. राहिला तर त्या जागी कप कोरायचा, आणि तो मावळेपर्यंत पट्टा बंद. नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत रंग परतला पाहिजे. सराव संपल्यावर कोपर सरळ करून ठेवायचं. सदा काटकोनात राहिलेलं कोपर तिथेच आखडतं.

२ फेब्रुवारी

धावणं. आधी बूट: लवचीक नाडी बसवली. साधीच नाडी हवी असेल तर एका टोकाला गाठ मारून ते सर्वात खालच्या भोकात अडकवायचं, उरलेली नाडी नागमोडी वर न्यायची आणि शेवटचं टोक खालच्या वेढ्यात खोचायचं. दर वेळी गाठ मारावी लागत नाही.

सपाट गवत, एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, आठ फेऱ्या. उजवा हात बांधलेला असल्याने डाव्या पायाच्या झेपेला तोलणारा झोका नाही. त्याची भरपाई धड वळवून होते आणि फेऱ्या संपता संपता कंबर भरते. पावलं लहान आणि जलद केल्यावर वळणं कमी झालं. डावा हात छातीच्या मध्यरेषेपलीकडे जाऊ द्यायचा नाही, कोपर मागे न्यायचं. हे सांगून जमलं नाही. छातीवर मध्यावर उभी रंगीत चिकटपट्टी लावली आणि बाजूने चित्रफीत घेऊन दाखवली, मग जमलं.

५ फेब्रुवारी

पडण्याचा सराव, गादीवर. हा वगळायचा मोह सगळ्यांनाच होतो. उजवीकडे पडताना सावरायला हात नाही, आणि डावीकडे पडताना पसरलेल्या तळव्यावर पडलं तर उरलेलं मनगट मोडायचं. हनुवटी छातीला, गुडघे दुमडून खाली बसत डाव्या खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून लोळण. आधी उकिडवं बसून, मग उभं राहून, मग चालताना. उजव्या खांद्यावरून लोळण कधीच नाही. प्रत्येक वेळी दहा, आठवड्यातून दोनदा.

११ फेब्रुवारी

सायकल. इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार हे माहीत होतं, आणि गेलाच.

सुरुवातीलाच कुणीतरी सुचवलं की लुळा पंजा हँडलला पट्टीने बांधावा, म्हणजे तोल बरा राहील. नाही. पडताना सायकल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो. मधे बांधलेला हात म्हणजे दुखावलेल्या नसांना पुन्हा तीच ओढ. हात अंगालाच. आणि अंगाला पक्का, कारण पट्ट्यातून सुटलेला पंजा चाकाच्या आऱ्यांत गेला तरी तो आधी डोळ्यांना दिसेल, हाताला कळणार नाही.

चौकट खालच्या दांड्याची, म्हणजे पाय वरून फिरवावा लागत नाही. बैठक नेहमीपेक्षा दोन बोटं खाली, थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेत एवढी. पेडल सपाट. चेनव्हील (पेडलजवळचं दातेरी चाक) पुढे एकच, म्हणजे गिअरचं बटणही एकच, तेही डावीकडे. मूठ पिळून बदलायचा गिअर बसवला नाही. पिळताना हँडलवरची पकड सुटते.

१४ फेब्रुवारी

ब्रेक. एकाच हातात एकच ब्रेक द्यायचा तर कोणता? नुसता मागचा लावला तर थांबायला फार अंतर लागतं. नुसता पुढचा लावला तर सगळा भार एका हातावर येतो आणि हँडल फिरतं. दोन्ही हवेत, एकाच लिव्हरवर. दोन केबल एकदम ओढणारं लिव्हर घेतलं.

बसवताना पाहायचं: पुढचा आणि मागचा ब्रेक एकाच जातीचे हवेत. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते, कॅलिपरला कमी. एकात एक आणि दुसऱ्यात दुसरा घातला तर एक आवळतो आणि दुसरा नुसता हलतो. लिव्हरही त्याच जातीचं.

१७ फेब्रुवारी

पहिली चाचणी, चालत्या माणसाच्या वेगाने. पुढचं चाक आधी आणि जोरात धरतंय, मागचं जवळजवळ नाही. दोन्ही ब्रेक शू रिमला एकाच वेळी टेकतायत, तरीही.

कारण आउटरमध्ये, म्हणजे केबलवरच्या नळीत सापडलं. लिव्हर दोन्ही केबल सारख्याच ओढतं. पण मागच्या केबलचं आउटर लांब, आणि ताण आला की ते स्प्रिंगसारखं दबतं. ओढीतली बरीच हालचाल त्या दबण्यातच खर्ची पडते. पुढचं आउटर आखूड असल्याने फारसं दबत नाही, आणि सगळा जोर तिकडे जातो. मागे न दबणारं, ब्रेकसाठीच बनवलेलं आउटर घातलं. दिसायला तसंच असणारं गिअरचं आउटर घालायचं नाही. त्यातल्या तारा लांबीत सरळ असतात आणि ब्रेकच्या जोराने आउटर फाटतं. त्यानंतर ॲडजस्टरने मागचा ब्रेक थोडा आधी टेकेल असा लावला, लिव्हरच्या टोकाशी मोजून ३ मिमी आधी.

हाताचा जोर दोन ब्रेकमध्ये वाटला जात असल्याने लिव्हर जड लागतं. बोटं छोटी असतील तर लिव्हरचा पोच-स्क्रू फिरवून ते मुठीजवळ आणावं. जोर तरीही पुरत नसेल तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेककडे जावं. केबल आवळून हा प्रश्न सुटत नाही.

एक धोका उरतोच: लिव्हरचा खिळा तुटला किंवा हात निसटला तर दोन्ही ब्रेक एकदम जातात. मागच्या चाकाला उलटं पेडल मारून लागणारा हब-ब्रेक हा खरा दुसरा ब्रेक, पण तो डिरेलरबरोबर, म्हणजे साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरबरोबर चालत नाही. गिअर की निर्धोकपणा? सपाट मैदानावर शिकेपर्यंत एकच गिअर आणि हब-ब्रेक. चढ-उतार आले की हबच्या (चाकाच्या मध्याच्या) आतले गिअर असलेला, उलट पेडलचा प्रकार. डिरेलरची इच्छा सगळ्यांना होती, सोडून दिली. लिव्हरवरून आता पुढचा ब्रेक आणि मागचा रिम-ब्रेक, आणि तिसरा पायात.

२० फेब्रुवारी

थांबताना धड पुढे झुकतं आणि डावा हात मुठीचं टोक पुढे ढकलतो, हँडल उजवीकडे वळतं. मूठ स्टिअरिंगच्या मध्यापासून जेवढी लांब, तेवढी ही ढकल मोठी. ६८० मिमीचं हँडल काढून मागे वळलेलं ५८० मिमीचं बसवलं, स्टेम (हँडल धरणारा दांडा) आखूड आणि वर. धड उभट झालं, हातावरचा भार घटला. पुढच्या फोर्कपासून खालच्या दांड्याला स्टिअरिंगची स्प्रिंग जोडली. मालवाहू सायकलींना असते तीच. हँडल सुटलं तरी ते मध्याकडे परत येतं. कडक स्प्रिंग वळताना हाताशी भांडते, म्हणून मऊ.

थांबण्याची शिकवण: आधी ढुंगण मागे, गुडघ्यांनी बैठकीचा पुढचा भाग घट्ट, मग लिव्हर. वळणावर ब्रेक नाही, वळणाआधी.

हात दाखवून वळण्याचा इशारा देता येत नाही, कारण तोच हात हँडलवर आहे. दोन्ही बाजूंना आरसे आणि बटणाचे दिवे. पाणी पाठीवरच्या पिशवीतून नळीने, नाहीतर थांबून.

१ मार्च

टेबल टेनिस, डाव्या हाताने. पहिले दोन आठवडे नुसतं बॅटवर चेंडू उडवणं आणि भिंतीशी खेळणं. मनगटाला नवी सवय लागायला वेळ लागतो आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला वेळ लागत नाही, म्हणून दिवसाला वीस मिनिटांवर नाही.

८ मार्च

सर्व्हिस. नियमात चेंडू मोकळ्या हाताच्या उघड्या, स्थिर तळव्यावर ठेवून निदान १६ सेंटिमीटर जवळजवळ सरळ वर उडवायचा असतो. शारीरिक अपंगत्वामुळे तसं जमत नसेल तर पंच हा नियम शिथिल करू शकतात. सामन्याआधीच त्यांना सांगून ठेवावं, पहिल्या सर्व्हिसवर वाद नको. पोलंडच्या नतालिया पार्तिकाला उजवा पंजा आणि कोपराखालचा हात जन्मतः नाही. ती चेंडू उजव्या कोपराच्या खोबणीतून उडवते. तिचं कोपर चालतं. लुळ्या हातात ती सोय नाही.

दोन पद्धती करून पाहिल्या. एकीत चेंडू बॅटच्या रबरावर ठेवून बॅटनेच वर उडवायचा. रबर चिकट असलं तरी बॅट किंचित कलली की चेंडू घरंगळतो, आणि उडी तिरकी जाते. दुसरीत बॅटची दांडी शेवटच्या तीन बोटांनी तळव्यात धरायची, चेंडू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, पंजा वर करून चेंडू सरळ वर सोडायचा, आणि तो वर असतानाच तर्जनी बॅटच्या पाठीवर परत आणून पकड पुरी करायची.

दुसरी पद्धत ठेवली. बिघडतं ते पकड बदलताना: चेंडू १६ सेंटिमीटरच उडवला तर वेळ पुरत नाही आणि बॅट सैल राहून फटका जाळ्यात जातो. निदान ३० सेंटिमीटर उडवायचा, डोक्याच्या उंचीपर्यंत गेला तरी हरकत नाही. चेंडू पुढे पडत असेल तर सोडताना मनगट झटकलं जातंय. उचल कोपरातून द्यायची, मनगट ताठ. उडवणं आणि पकड बदलणं यांचा सराव फटका न मारता करायचा: उडवा, पकडा, चेंडू टेबलावर पडू द्या.

१९ मार्च

सर्व्हिस वीसपैकी पंधरा टेबलावर. फिरकी नंतर.

फोरहँडला धड झटकन वळतं आणि बांधलेला हात अर्धा क्षण मागे राहून धडाला उलट ओढतो. मनगटाचा वेल्क्रो कमरेवरून नाभीजवळ आणला. वजन मध्यरेषेपाशी आल्याने ओढ घटली. धावताना मात्र हीच जागा पोटाशी घासते, म्हणून कमरेच्या पट्ट्यावर दोन ठिकाणी वेल्क्रो.

२ एप्रिल

डावा खांदा दुखतोय. अपेक्षितच: तीन खेळ, शिवाय घरातलं सगळं उचलणं, दारं उघडणं, उठताना रेटणं, सगळं याच एका हातावर. टेबल टेनिस आठवडाभर बंद, धावणं चालू. आठवड्याचं वेळापत्रक बदललं: हाताचे खेळ सलग दोन दिवस नाहीत, आणि वाढवायचं तर एका वेळी एकच गोष्ट, वेळ किंवा वेग. व्यायामात रबरी पट्टा खांद्यामागे ओढणं, कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवणं, १५च्या दोन फेऱ्या. धडासाठी रबरी पट्टा बाजूच्या खांबाला बांधून छातीपुढे सरळ ढकलणं आणि वळू न देता धरणं, दहा सेकंद, सहा वेळा. मानेची उजवी बाजू ताणायची नाही. इजेची ओढ त्याच दिशेला होती.

नसेच्या जळजळीच्या दुखण्यासाठी वेगळी वही. पट्टा, थंडी, झोप, सराव यांची नोंद रोज. हे दुखणं वाढलं म्हणून सराव चुकला असं लगेच ठरवायचं नाही. पण पट्टा घातल्यावर दहा मिनिटांत वाढत असेल तर दोष पट्ट्याचा.

९ एप्रिल

पोहणं, थोडक्यात. श्वासपटल ठीक असल्याचा अहवाल आल्यावरच. पाण्यात हाताचं वजन जवळजवळ नाहीसं होतं, म्हणून पट्टा नको; पण हात तरंगत मागे-वर जातो आणि खांदा उघडतो. घट्ट पोहण्याच्या सदऱ्याच्या आत, पोटाशी. छातीएवढ्या पाण्यात, सोबत माणूस. फ्लिपर लावून उताणं पोहण्यापासून सुरुवात. बाहेर येताना काठावर रेटून नाही, पायऱ्यांनी. पाणी गार असेल तर हाताचा रंग पाहत राहायचं.

१५ एप्रिल

स्पर्धेचा विचार निघाला. अपंग खेळाडूंच्या स्पर्धेत कुणी कोणत्या वर्गात खेळायचं ते वर्गीकरण करणारे अधिकारी तपासून ठरवतात, आपण नाही. संदर्भापुरतं: ॲथलेटिक्समध्ये अशा हाताचे धावपटू सहसा टी-४६ मध्ये, बॅडमिंटनमध्ये एसयू-५, टेबल टेनिसमध्ये उभ्याने खेळणाऱ्यांचे ६ ते १० हे वर्ग. तपासणीला नसांच्या चाचण्यांचे मूळ अहवाल लागतात, ते आत्ताच एका फायलीत घातले. सामन्यात पट्टा चालेल का, हे प्रत्येक खेळाच्या नियमांत वेगळं. आपल्या पट्ट्याचे फोटो आणि मापं पंचांना दाखवायला तयार ठेवली.

२८ एप्रिल

दंडाच्या पुढच्या स्नायूत हलकी फडफड दिसली. फिजिओने बोट ठेवून खात्री केली. वळवलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्या हिशेबाने वेळ जुळते. कोपर आपणहून किंचित दुमडायचा प्रयत्न करतं आणि आताचा घट्ट कप त्याला अडवतो. नव्या कपाची पुढची कड ४० मिमी कापायची, मनगटाकडचा वेल्क्रो ५० ऐवजी २५ मिमी करायचा, म्हणजे दुमडायला वाव राहील आणि खालून उचल तशीच. धावताना जुना कप, घरच्या व्यायामात नवा. ब्रेक लिव्हरचा खिळा आज तपासला, ढिला नाही. पुढची तपासणी ५ मे.